हत्तीच्या पोटात उभं राहून

कोकणात डोंगर चढून गेलं की शिखर लागत नाही, सडा लागतो. घाटावरून आलेल्या माणसाला हा थोडा विश्वासघातच वाटतो. पाखाडीच्या पायऱ्या मोजत, धापा टाकत वर यावं, आंब्या-काजूची सावली मागे सुटावी, आणि समोर काय, तर नजर थकेपर्यंत पसरलेला जांभ्याचा सपाट कातळ. तव्यावरून उतरलेल्या भाकरीच्या पाठीसारखा डागाळलेला आणि खरबरीत. उन्हाळ्यात इथे टिटवीशिवाय कुणी बोलत नाही, आणि तीही आपल्याला हाकलण्यापुरतीच. भाद्रपदात मात्र ह्याच कातळाला लाज वाटते आणि तो फुलं पांघरतो. गेंदाचे पांढरे ठिपके, कवल्याचा पिवळा रंग आणि मधूनमधून सीतेची आसवं. ही निळी-जांभळी, डोळ्यांत पाणी आणणारी नाजूक फुलं मुळात कीटकभक्षी आहेत. वर वनवासाचं दुःख दिसतं आणि खाली, ओल्या मातीत, बारीक फुग्यांचे सापळे लावून जेवण चाललेलं असतं. दुःखात पोट सुटत नाही, एवढं शहाणपण त्या रोपाला आपल्याआधीच आलेलं दिसतं.

ह्याच सड्यांवर, रत्नागिरी-राजापूरच्या बाजूला, कुणीतरी कधीतरी चित्रं खोदून ठेवली आहेत. उक्षी, जांभरुण, देवाचं गोठणं, बारसू, कशेळी अशी साधी, एसटीच्या पाटीवर शोभणारी गावं; आणि त्यांच्या माथ्यावर हत्ती, मासे, वाघांच्या मध्ये उभा माणूस, एवढंच काय, आज कोकणात औषधालाही न सापडणारा गेंडा. किती जुनी, ह्यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. काहीजण त्यांना थेट मध्याश्मयुगापर्यंत नेतात. 2022 साली ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. म्हणजे जागतिक वारशाच्या गाडीत त्यांची आसनं अजून पक्की व्हायची आहेत. इतकी हजार वर्षं उघड्यावर निजलेल्यांना त्याची घाई नसावी.

पण एकदा हे कानावर आलं की सड्यावरून सरळ चालणं संपतं. मान खाली जाते ती वर येत नाही. जांभा मुळात भोकाभोकांचा. त्यातलं प्रत्येक भोक डोळा होऊन आपल्याकडे बघू लागतं. भेग दिसली की ती माशाची पाठ. दोन समांतर चरे दिसले की काळीज धडधडतं, मग पुढे वळणावर कळतं की ही जुन्या बैलगाडीची चाकोरी. मांडवाचा खांब रोवायला पाडलेला खळगा, चिरेखाणीच्या माणसाने आखून सोडलेली रेघ, सगळ्यांना आपण मनातल्या मनात काही सहस्रकं बहाल करत जातो. माणसाच्या औदार्याला असं मोकळं रान क्वचितच मिळतं.

गुराख्याला विचारावं तर त्याचं उत्तर तयार असतं: पांडवांनी काढलं. पुढे प्रश्न नाही. मला पांडवांचं नेहमी नवल वाटतं. अज्ञातवासात गुपचूप राहायचं सोडून त्यांनी महाराष्ट्रभर एवढी लेणी, एवढी टाकी, एवढी चित्रं खोदली. शिवाय सगळं एका रात्रीत. इतका ठोकाठोकीचा आवाज होऊनही जे सापडले नाहीत, त्यांना शोधणाऱ्या कौरवांची कीव करावी तेवढी थोडीच.

कशेळी हे कनकादित्याचं गाव. तिथल्या सड्यावरचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब आहे, आणि त्याच्या अंगात आणखी कितीतरी प्राणी, पक्षी, मासे भरलेले आहेत. जवळ उभं राहिलं तर हत्ती दिसतच नाही. दिसते एक रेघ, जी कुठूनतरी येते आणि कुठेतरी जाते. तिच्या कडेकडेने चालावं लागतं: हा पाय असेल, ही बहुधा सोंड. हत्ती अख्खा दिसतो तो ड्रोनला. आणि मग ध्यानात येतं की ज्याने तो काढला, त्यालाही तो असा कधी दिसला नसणार. आजूबाजूला चढून बघायला ना उंच झाड, ना टेकडी, सडाच तो. त्याने अख्खा हत्ती डोक्यात धरला आणि दगडाने दगड खोदत, उन्हात सरकत सरकत, वीतवीतभर खाली उतरवला. समोर हत्ती नव्हता, मागे हटून बघायची सोय नव्हती, वाहवा करणारेही त्याच रेघेवर पाय देऊन उभे.

तरी कुणीतरी सोबतीला असेलच. पायथ्याच्या पऱ्यावरून पाणी घेऊन वर आलेली त्याची बायको असेल, किंवा म्हातारी आई. अजून किती दिवस चालणार हे, म्हणून कंटाळलेली. आणि हा, मान वर न करता, ‘जरा बाजूला हो गं, कान तुझ्या पायाखाली यायचाय.’