भावींची चार वर्षं

नाशिक महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. कागदोपत्री प्रचाराला मिळाले जेमतेम दहा-अकरा दिवस: ३ ला चिन्हवाटप, १३ ला भोंगे बंद. गंगापूर रोडकरांना मात्र हा हिशेब सांगू नका. इथे मधली सगळी वर्षं 'भावी नगरसेवक' फ्लेक्सवर हात जोडून उभेच होते. दिवाळीला उटण्याची पुडी, पुडीवर भाऊंचा फोटो. गणपतीत आरतीचं पुस्तक, मुखपृष्ठावर बाप्पा लहान, भाऊ मोठे.

जपानमध्ये कनिष्ठ सभागृहाचा प्रचार १२ दिवसांचा. पोस्टर सरकारी फळीवर, आपापल्या क्रमांकाच्या चौकोनात. घरोघरी जाऊन मत मागायला तर बंदीच! तो कायदा इथे आला तर आमच्या सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत कोणी फिरकायचंच नाही. (लिफ्ट बंद असते.)

दुसरं टोक अमेरिका. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीसाठी ट्रम्प यांनी नोव्हेंबर २०२२ लाच शड्डू ठोकला. त्यात कौतुक काय? त्यांना निदान तारीख ठाऊक होती. आमचे भावी आरक्षण, प्रभागरचना आणि कोर्टकचेरीच्या घोळात तारखेवाचूनच प्रचार करत राहिले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्यायला बजावलं तेव्हा कुठे हालचाल झाली.

आणि योग बघा, जाहीर प्रचार १३ ला संपला, १४ ला संक्रांत. आता तिळगूळ जाहीर की छुपा, हे ठरवायला आचारसंहितेत कलम नाही.