सात-सात-सातचा उतारा

लिनक्सवर बिल्ड अडला आणि पडद्यावर ‘पर्मिशन डिनाइड’ उमटलं, की आपल्याकडे उतारा ठरलेला आहे. शेजारच्या खुर्चीवरून कुणीतरी मान न वळवताच सांगतं, “७७७ मार रे!” मग अख्ख्या फोल्डरवर, त्याच्या पोटातल्या सगळ्या फाइलींसकट, ‘चमॉड -आर ७७७’ मारला जातो. कधी बिल्ड चालतो, कधी नाही. चालला तर चहा, नाही चालला तर पुढे सुडो लावून पुन्हा तेच. नेमकं काय बिघडलं होतं, हा प्रश्न दोन्ही वेळा विचारायचा राहून जातो. माझी तक्रार एवढीच आहे. ७७७ धोक्याचा आहे हे सगळेच सांगतात आणि कुणी ऐकत नाही. पण तो मुळात दुरुस्तीच नव्हे. यंत्र काहीतरी नेमकं सांगत असताना त्याच्या तोंडावर हात ठेवण्याचा तो प्रकार आहे.

यंत्राचा कायदा काही फार मोठा नाही. १९७१ साली निघालेल्या युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलातही चमॉड आहे. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १, बेरीज ७. आणि ही बेरीज तीनदा मांडायची, मालकाची, गटाची आणि इतरांची. गंमत अंमलबजावणीत आहे. तुम्ही फाइलीचे मालक असाल तर कर्नल फक्त मालकाचा आकडा पाहतो, पुढचे दोन वाचतच नाही. म्हणून ०७७ अशी परवानगी असलेली फाइल सगळ्या गावाला वाचता येते आणि मालकाला येत नाही. अन्याय म्हणा, पण मोघमपणा म्हणता येणार नाही. फाइल पुसून टाकायची असेल तर तिच्या स्वतःच्या परवानगीला कुणी विचारत नाही. ती ज्या डिरेक्टरीत आहे तिथे लिहिण्याचा अधिकार लागतो, कारण नाव डिरेक्टरीच्या यादीतून खोडायचं असतं. तरीही न पुसल्या जाणाऱ्या फाइलीवर ७७७ मारणारे जागोजाग भेटतात. दुखणं रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला.

बिल्डच्या वेळी तर या एकाच उताऱ्यासमोर चार वेगळी दुखणी येतात. पहिलं साधं: स्क्रिप्टला चालवण्याचा १ मिळालेलाच नाही, कारण ती विंडोजवर जन्मली आणि तिथूनच गिटमध्ये शिरली. गिट साध्या फाइलीच्या परवानग्यांपैकी एकच गोष्ट लक्षात ठेवतं, ती चालवायची की नाही. त्याच्या वहीत ६४४ आणि ७५५ एवढेच आकडे. तुम्ही कितीही आवेशानं ७७७ मारा, नोंद ७५५ची होते, आणि कमिट करायला विसरलात तर तीही नाही. मग सर्व्हरवर बिल्ड पुन्हा तिथेच अडतो. दुसरं दुखणं आपलंच पाळलेलं: काल घाईत ‘सुडो मेक’ केलं, त्यातून निघालेल्या फाइली रूटच्या नावावर चढल्या, आणि आज साधा मेक त्यांवर लिहू शकत नाही. इथे चुकला आहे तो मालक, आकडा नव्हे. तिसरं, डिस्क ‘नोएक्झेक’ लावून माउंट केलेली; तिथल्या स्क्रिप्टला ७७७ द्या, ती थेट चालणार नाही म्हणजे नाही. चौथ्याचा तर परवानगीशी संबंधच नाही: विंडोजच्या एडिटरनं प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर चिकटवलेलं असतं, पहिल्या ओळीतल्या शेलच्या नावालाही ते चिकटतं, आणि अशा नावाचा शेल यंत्राला कुठेच सापडत नाही. फाइल डोळ्यांसमोर आहे आणि यंत्र म्हणतं ‘नो सच फाइल’. यावरही ७७७ मारून पाहतात. (मेकफाइलमध्ये टॅबऐवजी स्पेस पडल्यावर येणाऱ्या ‘मिसिंग सेपरेटर’वरसुद्धा! बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली मेक लिहिला, तेव्हापासूनचा हा टॅब आहे. तो कुठल्याही चमॉडला भीक घालत नाही.)

यावर हमखास येणारा प्रश्न: लॅपटॉप माझा, इथे चोर कोण येणार? चोर न येवो, पण घरातलीच मंडळी कामाला नकार देतात त्याचं काय? तुमची खाजगी किल्ली इतरांना वाचता येते असं दिसलं की एसएसएच ती हातात घेत नाही. सुडोअर्सची फाइल कुणालाही लिहिता येण्याजोगी झाली की सुडो काम थांबवतो. आणि रूटपासून खाली ‘-आर ७७७’ मारलात, तर खुद्द सुडोच्या फाइलीवरचा सेटयूआयडीचा बिट पुसला जातो. हा बिट डेनिस रिची यांची कल्पना. १९७९ साली तिला पेटंट मिळालं. तो गेला की सुडो रूट होऊ शकत नाही, आणि केलेला घोळ निस्तरायला तर सुडोच हवा असतो. सगळ्यांना सगळं मोकळं केल्यावर मालक स्वतःच्या घराबाहेर.

दुसरा आक्षेप वेळेचा. रिलीज संध्याकाळी आहे, संशोधन कोण करणार? दुपारी बनवून रात्री फेकून द्यायच्या व्हर्च्युअल मशीनवर खुशाल ७७७ मारा, माझी हरकत नाही. तिसरा आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे: ‘पर्मिशन डिनाइड’ हा निरोपच कंजूष आहे. नाही म्हणाला, पण कोण म्हणाला आणि कुठे, ते सांगत नाही. लांबलचक पाथमधल्या मधल्याच एखाद्या डिरेक्टरीला चालवण्याचा १ नसला, म्हणजे तिच्यातून पुढे जायची मुभा नसली, तरी उत्तर तेच, एरर क्रमांक १३. शेवटच्या फाइलीवर कितीही आकडे फेका, वाट मध्येच बंद आहे.

पण लिनक्सवर याचाही इलाज आहे. ‘नेमआय -एल’ लिहून पुढे तो पाथ द्या. रूटपासून फाइलीपर्यंत प्रत्येक पायरीचा मालक, गट आणि परवानगी एकाखाली एक छापून येते. सोबत ‘आयडी’ चालवून आपण स्वतः कोण आहोत तेही पाहून घ्या. पुढच्या वेळी शेजारच्या खुर्चीवरून ७७७ची ऑर्डर आली, तर आधी या दोन आज्ञा चालवा आणि त्यांचं उत्तर त्या खुर्चीलाही वाचायला लावा.