न झालेल्या रोगाची फीत

यवत आणि केडगावच्या मधलं आमचं खुटबाव. पाटाचं पाणी, ऊस आणि दारात संकरित गाई. इथं माणसाला ताप आला तर ‘बघू उद्या’. गाईनं वैरण सोडली की रात्री अकरालासुद्धा सरकारी डॉक्टरांचा फोन वाजतो. “साहेब, लगेच या, वीस लिटरची गाय हाय!” साहेब पोचेपर्यंत घरगुती औषध आणि शेजाऱ्याचं इंजेक्शन देऊन झालेलं असतं. पुढं गाय उठली तर देवाची कृपा, नाही उठली तर सरकारी दवाखान्याचा गलथानपणा.

तेच साहेब दिवसाढवळ्या लाळ्या-खुरकुताची लस घेऊन गोठ्यावर आले, की “गाभण हाय”, “आत्ताच व्यायलीय”, “दूध तुटतं, पुढच्या महिन्यात बघू.” लस सहा महिन्यांनी येते, कारणं बारमाही. दोन दिवसांचं लिटरभर दूध वाचवायला अख्खी गाय पणाला लावायची, आणि वर स्वतःला हिशेबी म्हणवून घ्यायचं!

ऑगस्ट 2022 मध्ये जळगाव जिल्ह्यात लम्पी आला, बघता बघता राज्यभर पसरला. जनावरांचे बाजार बंद झाले आणि कालपर्यंत नकोशी असलेली सुई एकदम लाडकी झाली. सरकारनंही मन मोठं केलं : दगावलेल्या गाईला 30 हजार, बैलाला 25 हजार, वासराला 16 हजार. मेलेल्या जनावराचा भाव शासनानं ठरवून दिला. लसीमुळं वाचलेल्याची नोंद कुणाच्या वहीत?

सरकार तरी आपल्याहून वेगळं कुठं आहे? डॉक्टरांची पदं रिकामी ठेवायची आणि जो आहे त्याच्या गळ्यात शेजारच्या दवाखान्याचा ‘अतिरिक्त कार्यभार’ बांधायचा. गाईच्या कानात मात्र बारा आकडी बिल्ला हवाच. गाय ऑनलाइन सापडते, डॉक्टर दौऱ्यावर.

गोठेच्या गोठे रिकामे करणारी बुळकांडी 2011 मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसानं पुसून टाकलेला हा दुसराच रोग. गावोगाव टोचत फिरलेल्या पशुवैद्यांचा फ्लेक्स कुठल्या चौकात लागला? न झालेल्या रोगाची फीत कापायला कोण पुढारी येणार?

तेव्हा मंडळी, पावसाळ्याआधी घटसर्प-फऱ्याची लस घेऊन कुणी आलं, तर गाय बांधून ठेवा आणि कारणं सोडून द्या. दोन दिवस दूध कमी आलं, तर कोरा चहा प्या.