मक्याला चुना लावण्याची शास्त्रशुद्ध रीत

पोसोले हा मेक्सिकोतील मक्याचा आणि मांसाचा रस्सा एकाच भांड्यात शिजतो असे सर्वत्र सांगितले जाते व ते खरेही आहे; मात्र त्या एका भांड्यापर्यंत पोहोचेतो किती भांडी खरकटी होतात याविषयी सांगणारे मौन पाळत असल्याने, साधकाने आरंभीच मोरी रिकामी करून ठेवावी. पांढरा, हिरवा आणि तांबडा या तीन प्रकारांपैकी प्रस्तुत विवेचन कोंबडीच्या तांबड्या पोसोलेपुरते मर्यादित आहे. कोंबडी तेथे सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर आली. त्यापूर्वी बळी दिलेल्या युद्धकैद्याचे मांस मक्याबरोबर शिजवून वाढले जाई, ही त्याच शतकातील धर्मगुरू बेर्नार्दिनो दे साहागुन यांची नोंद वाचल्यावर कोंबडीच्या भावाविषयी कुरकुर करण्याचा उत्साह आपोआप मावळतो.

मका टपोऱ्या, पांढऱ्या, पिठूळ दाण्यांचा हवा; तेथे या जातीला काकावासिंत्ले म्हणतात. सिनेमागृहात पेल्यातून मिळणारा गोड मका येथे सर्वथा वर्ज्य होय. किलोभर कोरड्या दाण्यांना सुमारे १० ग्रॅम खाण्याचा चुना, म्हणजे पानाच्या डबीत असतो तोच, पाण्यात कालवून लावावा, मका त्यात अर्धा तास उकळावा आणि रात्रभर तसाच मुरू द्यावा. हा संस्कार झालेल्या मक्याला निश्तामाल म्हणतात. मराठीत चुना लावणे म्हणजे फसवणे असले, तरी मक्याच्या बाबतीत फसतो तो चुना न लावणारा. चुन्यामुळे मक्यात अडकून पडलेले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागते. युरोपने मका नेला, पण चुन्याची रीत नेली नाही, आणि अठराव्या शतकात स्पेन व उत्तर इटलीतील मक्यावरच गुजराण करणाऱ्या गरिबांना पेलाग्रा, म्हणजे कातडी खरखरीत करून अखेर बुद्धी भ्रमिष्ट करणारा रोग, जडला.

सकाळी दाणे हातांनी चोळले की पिवळट, बुळबुळीत साल सुटते. ती अनेक पाण्यांनी धुऊन काढल्यावर प्रत्येक दाण्याचे कणसाकडचे टोक नखाने खुडावे, कारण ते राहिल्यास दाणा शिजतो पण फुलत नाही, आणि फुललेला दाणा हेच पोसोलेचे लक्षण आहे. वालाचे बिरडे सोलण्याची सवय असलेल्या व्यक्तीला हे काम जड जात नाही. तशी व्यक्ती घरात नसल्यास, केवळ सौजन्यापोटी ‘काही मदत करू का?’ असे विचारणाऱ्या पहिल्या इसमाची त्यावर नेमणूक करावी.

मका फुलण्यास दोन-तीन तास लागतात. फुलण्याआधी मीठ घातल्यास तो निबर राहतो असे तेथील सुगरणी मानतात, आणि त्यांच्याशी वाद घालू नये. कोंबडी शेवटच्या पाऊण तासातच घालावी, शिजल्यावर ताटलीत काढून हाताने तिचे धागे करावेत आणि ते पुन्हा रश्शात सोडावेत. दरम्यान ग्वाहियो आणि आंचो या सुक्या मिरच्या बिया काढून तव्यावर काही क्षणच परताव्यात, कारण काळ्या पडल्या की सगळा रस्सा कडवट होतो. मग गरम पाण्यात भिजवून, लसणीबरोबर वाटून, गाळून त्या रश्शात मिसळाव्यात. या मिरच्या न मिळाल्यास ब्याडगी घ्यावी. पोर्तुगीजांच्या गलबतांतून गोव्यात आलेल्या मिरचीची ही लेक मेक्सिकन भांड्यात परकी ठरत नाही, आजोळी आली एवढेच.

वर चिरलेला कोबी, मुळ्याच्या चकत्या, कांदा, चुरडलेला ओरेगानो आणि लिंबू ज्याने त्याने आपल्या हाताने घ्यावे. प्रत्येकासाठी वेगळी वाटी मांडल्यास एक भांडे या संज्ञेची उरलीसुरली अब्रूही जाते.

राहिला मुहूर्त. मेक्सिकोच्या गेरेरो राज्यात पोसोले गुरुवारी खाण्याचा प्रघात आहे, त्यामुळे तेथे मका बुधवारीच चुन्यात पडतो. महाराष्ट्रातील अनेक घरांत मात्र गुरुवारी कोंबडी वर्ज्य असल्याने, तेथील साधकाने गुरुवारी रात्री निर्धास्तपणे चुना लावावा; कोंबडी घालण्याची वेळ येईतो शुक्रवारची दुपार झालेली असते.