बघतायत!

"हळू बोल. बघतायत."

कोण, ते काका कधीच सांगत नाहीत. तुमच्याही इमारतीत हे काका असणारच. हॉटेलात भिंतीला पाठ टेकेल अशीच खुर्ची धरतात. ती रिकामी होईपर्यंत काकू, सून, नातू सगळे ताटकळत उभे. मासे आणले तर पिशवीच्या तोंडाशी मेथीची जुडी. एप्रिलात हापूसची पेटी आली की आधी पडदे ओढायचे, मग सुरी काढायची. बघतायत!

पाच वर्षांपूर्वी सोसायटीने लिफ्टमध्ये कॅमेरा बसवला आणि काकांच्या आयुष्यातल्या संशयाला वायरिंग मिळालं. तोवर बनियनवर दूध आणायला जाणारा हा माणूस शर्ट खोचून जाऊ लागला. लिफ्टचं दार उघडायच्या आत खिशातून कंगवा निघतो. डोक्यावर विंचरण्याजोगं फारसं उरलेलं नाही, पण भांग पडतो. एकदा वीज गेली आणि काका अंधारात वीस मिनिटं लिफ्टमध्ये अडकले. बाहेर आले तेव्हा घामाने निथळत होते. भांग मात्र जागच्या जागी.

मानसशास्त्राने काकांचा निकाल केव्हाच लावलाय. १८९८ साली कॉर्नेल विद्यापीठाच्या एडवर्ड टिचनर यांनी पाठीवरची नजर खरंच कळते का, हे तपासलं. कळत नाही, असं निघालं. वर्गात पुढे बसलेला माणूस अस्वस्थ होऊन मान वळवतो, त्या हालचालीने मागच्याचे डोळे आपोआप त्याच्याकडे जातात, नजरानजर होते आणि पुढच्याला वाटतं, बघा, हा मघापासून बघतच होता! त्याच विद्यापीठात शंभरेक वर्षांनी टॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना बॅरी मॅनिलो या गायकाचं चित्र असलेला, घालायची लाज वाटेल असा टीशर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवलं. जवळपास निम्म्या लोकांनी पाहिलं असेल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या ते लक्षात आलं होतं.

भाच्याने हे काकांना समजावून सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे पाव लोकांनी पाहिलं ना?"

काकांची बाजू घेणारा एक प्रयोगही आहे, तो भाच्याने सांगितला नाही. न्यूकॅसल विद्यापीठात चहा-कॉफीचे पैसे ज्याने त्याने आपणहून डब्यात टाकायचे असत. दरपत्रकावर एका आठवड्याला फुलांचं चित्र, पुढच्या आठवड्याला रोखलेले डोळे. २००६ साली निष्कर्ष छापून आला: खपलेल्या दुधाच्या हिशेबाने, डोळ्यांच्या आठवड्यांत जवळपास तिप्पट पैसे जमले. पुढे अशा प्रयोगांबद्दल बऱ्याच शंका निघाल्या. पण काकांना हे कळलं असतं तर जिन्यात डोळेच डोळे चिकटले असते.

मुळात काका गिरगावातल्या चाळीत वाढले. तिथे हा भ्रम नव्हता, वस्तुस्थिती होती. सकाळी टमरेल घेऊन गॅलरीच्या टोकाला जायचं म्हणजे पंधरा उघड्या दारांसमोरून जायचं. नापास झालेल्या पोराचा निकाल त्याच्याआधी घरी पोचायचा. त्या माणसाला दोन बीएचकेमध्ये आणून बसवलं, जिथे शेजारचं दार लॅचने बंद होतं आणि आतला माणूस भोकातून बघून, आवाज न करता परत फिरतो. लिफ्टमधल्या कॅमेऱ्याचा पडदा वॉचमनच्या केबिनमध्ये आहे. त्यावर नॅपकिन वाळत असतो.

बघणारं इमारतीत एकच माणूस आहे, हे गेल्या पावसाळ्यात कळलं. समोरच्या फ्लॅटमधल्या, एकट्या राहणाऱ्या आजींची दुधाची पिशवी साडेनऊपर्यंत दाराला तशीच लटकत होती. काकांनी बेल वाजवली, दार ठोठावलं, वॉचमनला बोलावून कुलूप तोडायला लावलं. आजी बाथरूममध्ये पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडून. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत.

पुढच्या मीटिंगमध्ये काकांचं अभिनंदन झालं. लगेच पुढचा विषय आला: काही सभासद इतरांच्या दारांवर लक्ष ठेवतात, खाजगीपणाचा भंग होतो, कमिटीने समज द्यावी. समज दिली गेली. काकांनी मान डोलावली, आणि घरी येताना लिफ्टमध्ये पहिल्यांदाच कंगवा काढला नाही. हे काकूंनी सांगितलं, काळजीनेच सांगितलं.

आजी आता वॉकर घेऊन हिंडतात. तरी दुधाची पिशवी सकाळी नऊपर्यंत आत घेत नसत, असं त्यांच्या कामवालीचं म्हणणं. सव्वानऊला काका बेल दाबतात, "सहज विचारलं" म्हणतात आणि आल्याचा चहा घेऊन, पॅसेजमध्ये दोन्हीकडे नीट पाहून घरी परततात. मे महिन्यात दूध नासायला लागलं, तेव्हापासून आजी पिशवी आत घेतात आणि पेपर बाहेर ठेवतात.