तुलनावीर

आमच्या इमारतीतले तात्या बँकेतून निवृत्त झाले, ऑडिटमधून मात्र अजून झालेले नाहीत. भाजीवाल्याच्या तराजूपासून सोसायटीच्या ताळेबंदापर्यंत सगळीकडे त्यांच्या हिरव्या शाईची बरोबरची खूण पडते. गेली तीन वर्षं ही शाई एकाच प्रश्नावर खर्च होते आहे : संगणकातल्या फायलींची एक प्रत घराबाहेर, परवडेल अशा भावात, ठेवायची कुठे?

असा माणूस प्रत्येक कुटुंबात एक तरी असतो. कुकर घ्यायचा म्हणून तो सात दुकानं पालथी घालतो, आठव्या दुकानात रिक्षाने जातो आणि चाळीस रुपये वाचवल्याच्या आनंदात रिक्षाला साठ रुपये देतो. त्याला वस्तू नकोच असते, दोन वस्तूंमधला फरक हवा असतो. खरेदी उरकली की तो खिन्न होतो.

"तू बॅकअप कुठे ठेवतोस रे?" तात्यांनी मला जिन्यात गाठून विचारलं.

"ठेवत नाही."

विमा न उतरवता गेलेल्या माणसाकडे बघावं तसं माझ्याकडे बघून त्यांनी मला घरात नेलं. टेबलावर एक्सेलचा तक्ता छापून ठेवलेला, सतरा रकान्यांचा, चिकटपट्टीने जोडलेला. पहिल्या ओळीत गूगल : 15 जीबी फुकट.

"पण त्यातच जीमेल, त्यातच फोटो," तात्या म्हणाले. "एका खोलीत तीन बिऱ्हाडं. पूर्वी थोड्या कमी दर्जाचे फोटो हवे तितके ठेवा म्हणायचे. 1 जून 2021 पासून नवे फोटो मोजायला लागले. आधी पाहुणचार, मग भाडं! ॲपलचे 5 जीबी, ड्रॉपबॉक्सचे 2. ही काय जागा झाली? दुकानात चव बघायला हातावर शेव ठेवतात, त्यातली गत."

तात्यांचा ऐवज होता 412 जीबी.

पुढच्या ओळीत बॅकब्लेझ. एका संगणकावरचं कितीही ठेवा, वर्षाला 99 डॉलर. डॉलर जरा उतरला की घेऊ, म्हणून तात्या थांबले होते. डॉलरलाही त्यांचा स्वभाव कळला असावा, तो चढतोच आहे. शिवाय नेहमीच्या सेटिंगला बाहेरची डिस्क तीस दिवस जोडली नाही, तर तिची तिथली प्रत पुसली जाते. "आम्हा पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला वर्षातून एकदा द्यावा लागतो," तात्या कळवळून म्हणाले, "त्या डिस्कने दरमहा द्यायचा?"

ॲमेझॉनच्या 'ग्लेशियर डीप आर्काइव्ह'पाशी मात्र त्यांचा आवाज मऊ झाला. एक टीबी ठेवायला महिन्याला जेमतेम एक डॉलर. पण काढायला बारा तास, स्वस्तात काढायचं तर अठ्ठेचाळीस, आणि बाहेर आणायचा खर्च वेगळा. 180 दिवसांच्या आत पुसलं तरी पूर्ण मुदतीचे पैसे द्यायचे. "मुदत ठेव मोडल्याचा भुर्दंड! हे तर आमचंच!" म्हणून त्यांनी तिथे हिरवी खूण केली, आणि लगेच शेजारी प्रश्नचिन्ह काढलं.

"पण तात्या, सगळं क्लाउडला सिंक केलं की झालं ना?"

"सिंक म्हणजे आरसा. तू उठून गेलास की आरशातलाही जातो. इथे चुकून पुसलंस की तिथलंही गेलं. कचरापेटीतून काही दिवस उचलता येईल, पण गेलंय हे तुझ्या लक्षात आलं तर! बॅकअप म्हणजे फोटो. माणूस गेला तरी भिंतीवर राहतो."

मग पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रुळवलेला 3-2-1 चा नियम आला : प्रती तीन, दोन तऱ्हांच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. चहा घेऊन आलेल्या काकू म्हणाल्या, "घरात माणसं दोन, प्रती तीन."

सगळ्यात स्वस्त मार्गही तपासून झाला होता : डिस्कवर प्रत घेऊन ती सांगलीला साडूंकडे ठेवायची. भाडं शून्य. पण 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णा घराघरांत शिरली होती, म्हणून रकाना सोळा, 'नैसर्गिक आपत्ती', यात साडू नापास झाले. ते अजून बोलत नाहीत.

मी हसलो. तात्या हसले नाहीत.

"12 जुलै 1961. पानशेत फुटलं तेव्हा मी सात वर्षांचा. नारायण पेठेतल्या आमच्या खोलीत पाणी शिरलं. बाबांची ट्रंक गेली. कागद, पत्रिका, आईबाबांच्या लग्नाचा एकुलता एक फोटो. आज घरात लावलाय तो आत्याकडचा. बाबांनी लग्नानंतर तिला नाशिकला एक प्रत धाडली होती. टपालखर्च काही आणे. ऑफसाइट म्हणतात ते हेच."

मी तक्ता पुन्हा, जरा आदराने, वाचायला लागलो.

पण 31 मार्च आला तरी निर्णय होईना. तो जागतिक बॅकअप दिन; तात्यांच्या लेखी तो वर्षअखेरीचा दिवस, नवं खातं उघडायचा नव्हे. त्यातून अपलोडचा वेग 10 एमबीपीएस. 412 जीबी चढवायला अखंड चार दिवस लागणार, आणि दुरुस्तीसाठी गुरुवारी लाइट जाणार. तेव्हा काकूंनी एकच प्रश्न विचारला, "अहो, यातलं काय गेलं तर तुम्हाला घास गोड लागणार नाही?"

सहा रविवार तात्या उपसत बसले. मुलाच्या लग्नाचा व्हिडिओ तीन नावांनी तीनदा निघाला. 'सुप्रभात'चे गुलाब अकरा हजार. संपलेल्या वॉरंट्या, विकलेल्या स्कूटरचा विमा. शेवटी उरले 11 जीबी. आता फुकटात मावणार म्हणून तात्यांचा चेहरा पडला. पण गूगलच्या 15 मधले 9 जीबी मेलनेच अडवलेले दिसताच तो पुन्हा उजळला. उरलेल्या 5 जीबीचा प्रश्न होताच!

तो त्यांनी असा सोडवला : 12 जुलैला आम्हा शेजाऱ्यांना आणि झाडून साऱ्या नातलगांना (साडूंनाही) तात्यांच्या आईबाबांच्या लग्नाचा फोटो आणि सोबत पन्नासेक फायली व्हॉट्सॲपवर आल्या. फोटो म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून, म्हणजे दर्जा घसरत नाही. खाली सूचना : 'डिलीट करू नये. दर सहा महिन्यांनी एक फाईल परत मागवून तपासणी होईल.'

व्हॉट्सॲपचा बॅकअप 2024 पासून गूगलच्या त्याच 15 जीबीत मोजतात. आठवड्याभरात माझी जागा भरली. निमूट 130 रुपये महिन्याचा 100 जीबीचा प्लॅन घेतला आणि चूक केली, तात्यांना सांगितलं.

"महिन्याचा?" तात्या हळहळले. "अरे, वर्षाचा 1300 ला आहे. दोनशे साठ रुपये घालवलेस. आधी विचारायचं नाही का?"