स्कॉटिश जॅझ बँडलीडर व्हा! (नवशिक्यांसाठी)

सर्वप्रथम जन्म. तो स्कॉटलंडमध्येच घ्यावा अशी अट नाही. आपला नमुना सँडी ब्राउन; त्याने तो 1929 साली बरेलीजवळच्या इज्जतनगरला घेतला. वडील रेल्वेत इंजिनिअर होते. मात्र शाळेच्या वयात एडिंबरा गाठावं आणि रॉयल हायस्कूलमध्ये नाव घालावं. शाळा निवडताना निकालाची टक्केवारी बघू नये, ट्रंपेट वाजवणारं पोरगं आहे का ते बघावं. ब्राउनला तिथे अल फेअरवेदर भेटला, वर आणखी एक वादक, स्टॅन ग्रेगही. जाहिरात न देता बँड उभा राहिला.

वाद्य क्लॅरिनेट. आपल्याकडे वरातीच्या बँडमध्ये असते तीच, काळी, चकचकीत चाव्यांची. बोरूची पट्टी तोंडात धरून ओली करावी, मुखाशी आवळून बांधावी आणि फुंकावं. पहिले काही महिने सुराऐवजी चीत्कार निघेल. शेजाऱ्यांशी संबंध त्याआधीच बिघडवून ठेवलेले बरे.

गुरू करू नये. ब्राउन आपला आपणच शिकला, आणि कान लावला तो जॉनी डॉड्सकडे. लुई आर्मस्ट्राँगच्या हॉट फाइव्ह आणि हॉट सेव्हनच्या रेकॉर्डवर 1925 ते 1927 या काळात जी क्लॅरिनेट कळवळून ओरडते, ती डॉड्सची. डॉड्स 1940 मध्येच वारला होता, त्यामुळे या एकलव्याकडे अंगठा मागायला कोणी आलं नाही. ते बरंच झालं. क्लॅरिनेटचा सगळा भार उजव्या अंगठ्यावरच असतो.

पण नक्कल करूनही शेवटी आपल्यासारखंच वाजलं पाहिजे, आणि इथेच बहुतेक उमेदवार गळतात. ब्राउनचा सूर खरखरीत, थोडा चढा, मध्येच मोडणारा. गुळगुळीत वाजवणारे तेव्हा लंडनमध्ये पैशाला पासरी होते. जुन्या न्यू ऑर्लिन्सच्या ढंगावर त्याने पश्चिम आफ्रिकेच्या हायलाइफचा ठेका चढवला आणि 1957 साली ‘मॅकजॅझ’ नावाची रेकॉर्ड काढली. ब्रिटिश जॅझमध्ये त्या दशकात यापेक्षा ताजं काही झालं असेल, असं मला वाटत नाही.

आता पैसा. 1960 च्या सुमारास ब्रिटनमध्ये ट्रॅड, म्हणजे जुन्या वळणाच्या, जॅझची लाट आली. तिच्यावर स्वार व्हायचं तर बोलर हॅट आणि नक्षीदार वेस्टकोट शिवून घ्यावा; ॲकर बिल्क या वादकाला हा पोशाख फळला. ब्राउनने हॅट घातली नाही. परिणाम व्हायचा तोच झाला: जाणकार वाहवा करत राहिले.

म्हणून सगळ्यात महत्त्वाची सूचना, नोकरी सोडू नका. ब्राउन बीबीसीत ध्वनिशास्त्राचा आर्किटेक्ट होता. रिकाम्या खोलीत टाळी वाजवावी, ती किती वेळ घुमते ते ऐकावं, मग भिंतीआड भिंत, मध्ये हवेची पोकळी, असं करत बाहेरचा आवाज बाहेर आणि आतला आत ठेवावा, हा दिवसाचा धंदा. रात्री क्लबात जाऊन नेमकं उलटं करावं. 1969 मध्ये त्याने भागीदारीत स्वतःची सल्लागार कंपनी काढली.

निवृत्तीची तरतूद त्याच्याकडून शिकू नये. 15 मार्च 1975 ला टीव्हीवर इंग्लंड-स्कॉटलंड रग्बी सामना बघताना तो घरी वारला, वय 46. सामना कलकत्ता कपचा होता. हा कप कलकत्त्यातल्या रग्बी क्लबाने बंद पडताना बँकेतले चांदीचे रुपये काढून, वितळवून घडवलेला. स्कॉटलंड 7-6 असं एका गुणाने हरलं.

बँड राहिला नाही. कंपनी मात्र अजून त्याच्याच नावाने चालते, आणि आवाज कमी कसा करावा याचा सल्ला देते.